डिसेंबरचं सहावं कार्ड

समजा, तुमच्यासमोर टेबलावर एक कार्ड आहे. वहीच्या अर्ध्या पानाएवढं, जाड कागदाचं. त्यावर एका माणसाची सगळी हकिकत आहे. नाव, जन्मतारीख, आईबाप, धर्म, पत्ता, त्याआधीचा पत्ता. माणसाने गाव बदललं की कार्ड पोस्टाने त्याच्या मागोमाग नव्या गावच्या कचेरीत जातं. माणूस वारला की तुम्ही उजव्या कोपऱ्यात तारीख घालायची, पट्टी ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरकी रेघ ओढायची आणि महिनाअखेर कार्ड हेगच्या मुख्य कचेरीकडे रवाना करायचं.

आता तुम्हाला सांगितलं, की या कार्डावरच्या मेलेल्या मुलीला जिवंत ठेवा. काय काय कराल? शाई धुवाल? शिक्का कोराल? त्यातलं काही लागत नाही. रेघ ओढायची नाही. पाकिटात घालायचं नाही. कप्प्यात जिथे होतं तिथे ठेवून कप्पा लावायचा, टोपी घालायची आणि घरी जायचं. एवढंच काम.

ओल्डरहेमच्या कचेरीतल्या टॅमो नानिंगाला हे काम करायला एक महिना लागला.

त्याचं कारण त्याच्या आयुष्यातच होतं. टॅमोचा बाप कालव्यावर पीटची, म्हणजे जळाऊ मातीची, होडी ओढायचा. पोराचं अक्षर चांगलं म्हणून शाळामास्तरांनी त्याला सोळाव्या वर्षी कचेरीत चिकटवलं, आणि तो तिथेच राहिला. गावात कोण जन्मलं, कोण आलं, कोण गेलं, हे सगळं त्याच्या हातून जायचं. संध्याकाळी पाच वाजता त्याच्या टेबलावर एकही कार्ड शिल्लक नसायचं, सव्वीस वर्षं. त्याची बायको त्रिंत्ये शेजारणींना सांगायची, "याच्या कपाटात अठराशे माणसं आहेत आणि घरात मी एकटी."

जर्मन आले तेव्हाही कपाट तेच राहिलं. वरून फर्मान आलं की ज्यू कोण कोण आहेत त्यांची यादी द्या. ओल्डरहेममध्ये एकच घर होतं, गुरांचा व्यापारी मायर नीवेग, त्याची बायको, म्हातारी आई आणि मुलगा. टॅमोने चार नावांची यादी केली, जन्मतारखा तपासल्या, स्वच्छ अक्षरात लिहून पाठवली. हेगहून छापील पत्र आलं की यादीत एकही चूक आढळली नाही. पुढच्या वर्षी, बेचाळीसच्या ऑक्टोबरात, नीवेगांची चारही माणसं एका सकाळी गाडीत बसवून नेली. टॅमोने त्यांच्या कार्डांवर 'स्थलांतर, ठिकाण अज्ञात' असं लिहिलं. 'अज्ञात' हा शब्द त्याने त्याआधी कधी लिहिला नव्हता. माणूस गेला की कुठे गेला हे लिहायचंच, असा त्याचा नियम होता.

नोव्हेंबरात बूलेन्स सिस्टर कचेरीत आली. ती त्या भागातली परिचारिका. सायकलवरून गावोगाव फिरायची, कुणाची बाळंतपणं, कुणाच्या जखमा. तिने दार लावून घेतलं.

"नानिंगा, मला एक मुलगी हवी आहे."

"तुमचं तर लग्नही झालेलं नाही, सिस्टर."

"थट्टा पुरे. सहा-सात वर्षांची. कार्डावरची. खरीखुरी मुलगी माझ्याकडे आहे, ॲमस्टरडॅमची. तिला कार्ड नाही. म्हणजे आहे, पण त्यावर जे लिहिलंय ते चालणारं नाही."

"माझ्याकडच्या सगळ्या मुली शाळेत जातात."

"मग एक नवी बनवा."

"मी खोटं लिहीत नाही."

सिस्टर हातमोजे चढवत म्हणाली, "खरं लिहून चार जण पोचवलेतच की तुम्ही."

पेन्सिलीला टोक होतं, तरी टॅमोने ती तासली. सिस्टर गेली.

डिसेंबरात गावात घटसर्प आला. त्या महिन्यात ओल्डरहेममध्ये सहा माणसं वारली. त्यातली सहावी गेस्के बोलहाउस, वय वर्षं सहा. तिचा बाप डेर्क धरणाच्या बांधापलीकडचा शेतकरी. तो आला, टोपी हातात घेऊन उभा राहिला, मयताच्या वहीत त्याने सही केली आणि "बरं" म्हणून गेला. पुरायला परवाना लागतो, म्हणून वहीत नोंद करणं भागच होतं. वहीची दुसरी प्रत वर्षअखेर कोर्टात जाते आणि तिथे कपाटात पडून राहते, कार्डांशी ताडून कुणी बघत नाही, हे टॅमोला ठाऊक होतं. उरलं फक्त कार्ड.

ते त्याने टेबलावर घेतलं. पट्टी ठेवली. मग पट्टी उचलली.

त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की खोटं न लिहिता खोटं करता येतं. एकतीस डिसेंबरला पाच कार्डं हेगला गेली. सहावं कप्प्यातच होतं. पुढचे चार आठवडे टॅमो रोज सकाळी आधी तो कप्पा उघडून बघायचा, जणू ते कार्ड आपणहून उठून पोस्टात जाईल.

जानेवारीच्या शेवटी त्याने सिस्टरला निरोप पाठवला. पण गेस्केला सगळ्या गावाने पुरताना पाहिलं होतं, म्हणजे हे कार्ड ओल्डरहेममध्ये चालणार नव्हतं. टॅमोने त्यावर लिहिलं, 'वेस्टरडॅम येथे स्थलांतर,' आणि ते तिकडच्या कचेरीला रवाना केलं. वेस्टरडॅम तिथून तीस किलोमीटर. तिथल्या जलद्वाराच्या राखणदाराच्या घरी सिस्टरने मुलगी आधीच नेऊन ठेवली होती. आता तिला रेशन मिळणार होतं, शाळा मिळणार होती. टॅमोच्या हिशेबी त्याने अजूनही खोटं लिहिलं नव्हतं. वेस्टरडॅमला गेस्के बोलहाउस नावाची मुलगी राहत होतीच.

बोलहाउसांना त्याने काही सांगितलं नाही. दुःखात असलेल्या माणसांना कशाला छेडायचं, हे एक. आणि जितक्या कमी लोकांना ठाऊक तितकं बरं, हे दुसरं. डेर्कची बायको वुबिना शाळेत त्याच्या दोन बाकं पुढे बसायची. चर्चमध्ये भेटली की ती विचारायची, "काय टॅमो, कोण आलं, कोण गेलं?" त्या हिवाळ्यात तिने ते विचारायचं सोडलं होतं.

त्रेचाळीसच्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी सकाळी, डेर्क पुन्हा कचेरीत आला. रविवारची टोपी, दाढी केलेली.

"मुलगी झाली काल. दोघी ठीक आहेत."

"अभिनंदन, डेर्क!" टॅमोने वही उघडली, टाक बुडवला.

"लिही," डेर्क म्हणाला, "गेस्के."

टाक वहीच्या वर दोन बोटं थांबला.

ओल्डरहेममध्ये बाळ झालं की 'नाव काय ठेवलं' असं कुणी विचारत नाही. विचारतात, 'कुणाचं ठेवलं?' पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसऱ्या मुलीला बापाच्या आईचं. आणि एखादं मूल गेलं, तर त्याच्यामागून येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला तेच नाव. नाव मोकळं ठेवत नाहीत. टॅमोने असं शेकडो वेळा लिहिलं होतं. कार्डं बघून तो पोटातल्या मुलाचं नाव सांगू शकला असता. वुबिनाला दिवस गेलेत हे त्याने उन्हाळ्यात चर्चमध्ये पाहिलं होतं, चांगलं आहे असंही मनात म्हटलं होतं. आणि तरीही ही गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती.

महिनाअखेर जन्मलेल्यांची यादी हेगला जाणार. तिथे प्रत्येक कार्डाची नक्कल असते, आणि त्यात त्याच आईबापांची एक गेस्के जिवंत म्हणून कपाटात आहे. हेगच्या कारकुनांत उत्तरेकडची माणसंही आहेत. दुसरी गेस्के दिसली की त्यांना लगेच कळेल की पहिली गेली. मग तिचं कार्ड जिवंत कसं? एक पत्र वेस्टरडॅमला, आणि दुसऱ्या दिवशी राखणदाराच्या दारात पोलीस. बाळाला यादीतून वगळणंही शक्य नव्हतं. नोंद नाही तर दूध नाही. शिवाय जन्माच्या नोंदीवर नव्या मेयरची सही लागायची, आणि तो जर्मनांच्या मर्जीतल्या पक्षाने दक्षिणेकडून आणून बसवलेला माणूस होता.

"काय झालं?" डेर्क म्हणाला. "ग, ए ची मात्रा—"

"मला लिहिता येतं, डेर्क. मेयरसाहेब आज ग्रोनिंगेनला गेलेत. सही कोण करणार? तुझ्याकडे गुरुवारपर्यंत वेळ आहे."

"मग नुसतं लिहून ठेव."

"सहीशिवाय लिहीत नाही."

डेर्कने शेजारच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आतून मेयरच्या खोकल्याचा आवाज येत होता. दोघांनीही तो ऐकला.

"दुपारी मी तुझ्याकडे येतो," टॅमो खालच्या आवाजात म्हणाला. "आधी वुबिनाशी बोलायचंय."

डेर्क कमी बोलणारा माणूस होता. त्याने टोपी घातली आणि निघून गेला.

टॅमोच्या सायकलच्या मागच्या चाकाला टायरच्या जागी बागेच्या जुन्या पाइपचा तुकडा बांधलेला होता. बांधावरच्या वाटेने धडधडत तो बोलहाउसांच्या मळ्यावर पोचला तेव्हा दोन वाजले होते. स्वयंपाकघरात वुबिनाची आई, म्हातारी गेस्के, बटाटे सोलत बसली होती. शहात्तर वर्षांची, एका कानाने कमी ऐकणारी, आणि गावातली कुठलीही बातमी रविवारपर्यंत पोटात न ठेवणारी.

"आलास का रे पोरा!" ती ओरडली. "लिहिलंस का माझं नाव? नीट लिही. आधीच्या वेळी तू 'ग' फार बारीक काढला होतास!"

"आधी बाळाला बघतो, मावशी."

"बघ बघ. नाक माझं आहे. बिचारीला इलाज नाही." ती हसली. "साखर नाही म्हणून बाळ झाल्याच्या टोस्टवर यंदा बीट किसून देतेय. बडीशेपेच्या गोळ्या लढाई संपल्यावर. थांब, आणते."

आतल्या खोलीत, भिंतीतल्या कपाटासारख्या पलंगावर वुबिना टेकून बसली होती. बाळ कुशीत. डेर्क खिडकीशी उभा. टॅमोने दार ओढून घेतलं, पण ते पूर्ण लागत नव्हतं.

"काय भानगड आहे?" वुबिना म्हणाली. "डेर्क म्हणतो, तू खोटं बोललास. तू! मी म्हटलं, मग नक्की कुणीतरी मेलंय."

टॅमोने खालच्या आवाजात सगळं सांगितलं. त्याला गोष्टी क्रमाने सांगायची सवय होती, म्हणून त्याने क्रमानेच सांगितलं. डिसेंबरातलं कार्ड, वेस्टरडॅम, राखणदाराचं घर, हेगची यादी. बाळाने जांभई दिली.

शेवटी वुबिना म्हणाली, "म्हणजे दहा महिने माझी गेस्के तुझ्या कपाटात जिवंत आहे."

"वेस्टरडॅमच्या कपाटात."

"तोंड बंद कर. कुणाला विचारून केलंस?"

"कुणालाच नाही."

"माझ्या पोरीचं नाव तू कुणाला तरी घालायला दिलंस, कोट द्यावा तसं. आणि रविवारी मला चर्चमध्ये नमस्कार करत होतास."

"हो."

"आता म्हणतोस हिलाही ते देऊ नका."

"मी काही म्हणत नाही, वुबिना. गुरुवारपर्यंत तू सांगशील ते मी लिहीन. तू गेस्के म्हणालीस तर गेस्के. मग मी वेस्टरडॅमला निरोप पाठवीन की तिला हलवा. कुठे, ते मला ठाऊक नाही. सिस्टरलाही ठाऊक नाही. सगळी घरं भरलेली आहेत."

वुबिनाने बाळाचं दुपटं सारखं केलं. मग तिने विचारलं, "केवढी आहे?"

"सात."

"जेवते का नीट?"

"मी तिला पाहिलेलं नाही."

"पाहिलेलं नाही!" ती डेर्ककडे वळली. "ऐकलंस? पाहिलेलं नाही म्हणे. नुसतं कार्ड."

डेर्क म्हणाला, "माझ्या आईचं नाव आहे. आन्ये. दुसऱ्या मुलीला तेच लागतं."

"दुसऱ्या मुलीला, पहिली असेल तर. पहिली आहे का? अख्ख्या गावाने तिला खड्ड्यात ठेवताना पाहिलंय. आता तुझ्या आईचं नाव ठेवलं, तर लोक विचारतील की वुबिनाच्या आईने काय घोडं मारलंय. आणि आई काय म्हणेल? आईला सांगता येईल का, टॅमो?"

म्हातारीला सांगायचं म्हणजे पाव वाटणाऱ्यापासून मेयरच्या मोलकरणीपर्यंत सगळ्यांना सांगायचं.

"मग लोकांना पटेल असं कारण हवं," वुबिना म्हणाली. "भांडण हवं."

त्याच वेळी दार ढकलून म्हातारी आत आली. हातात ताटली, ताटलीत तीन टोस्ट, लालभडक.

"काय कुजबुज चाललीय? लिहिलं का?"

"आन्ये ठेवतोय," वुबिना म्हणाली.

म्हातारीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिने चांगला कान पुढे केला. "कोण?"

"आन्ये. डेर्कच्या आईचं."

"अगं, पण नाव मोकळं आहे ना! तिच्यामागे—"

"तुझं नाव मला दुसऱ्यांदा नको."

टॅमोला नंतर हा क्षण नीट आठवायचा. वुबिनाचा आवाज चढला नव्हता. ती आईकडे सरळ बघत होती.

"ती आजारी पडली तेव्हा डॉक्टरला बोलवू म्हटलं मी. तू म्हणालीस, घसाच दुखतोय, कांद्याचं पोटीस बांधू, एवढ्या थंडीत माणसाला कशाला त्रास. दीड दिवस पोटीस बांधलंस. दीड दिवस, आई. डॉक्टर आला तेव्हा म्हणाला, काल बोलवायचं होतं. तुझ्या नावाची आणखी एक पोर मला या घरात हाक मारायला नको."

म्हातारीने ताटली पेटीवर ठेवली. एप्रन सोडला, त्याची चार घड्यांची घडी केली.

"असं होय," ती म्हणाली.

त्याच दुपारी ती गावात मुलाकडे, हार्मकडे, राहायला निघाली. कपड्यांचं एक गाठोडं होतं. डेर्क घोडा जोडतो म्हणाला, तिने नको म्हटलं. शेवटी गाठोडं टॅमोच्या सायकलच्या कॅरियरवर बांधलं गेलं, आणि तो सायकल हातात धरून तिच्या बरोबरीने बांधावरून चालू लागला. चाळीस मिनिटांची वाट. वाटेत माणूस नव्हता. वारा समुद्राकडून होता आणि म्हातारीचा चांगला कान त्याच्या बाजूला होता.

ज्या बाईने कधी दोन मिनिटं तोंड मिटलं नव्हतं, ती वीस मिनिटं गप्प चालली. मग म्हणाली, "टॅमो, तुझ्या वहीत असेल ना."

"काय, मावशी?"

"दीड दिवस होता की एकच. मला एकच आठवतोय. मंगळवारी संध्याकाळी घसा धरला, आणि बुधवारी संध्याकाळी डॉक्टर. की तो गुरुवार होता?"

"आमच्या वहीत तसलं लिहीत नाहीत."

"मग काय लिहिता रे?"

"गेल्याचा दिवस. वेळ."

"हं," म्हातारी म्हणाली. हार्मच्या दाराशी तिने गाठोडं घेतलं आणि "सावकाश जा, चाक लटपटतंय," एवढंच सांगितलं.

सांगायचं असतं तर त्या चाळीस मिनिटांत सांगता आलं असतं. टॅमोने मनाशी सगळं तोलून पाहिलं होतं. एका बाजूला सात वर्षांची मुलगी, दुसऱ्या बाजूला या बाईचं मन. शिवाय मन लढाई संपल्यावर दुरुस्त करता येईल, असं त्याला वाटलं होतं.

बुधवारी डेर्क आला. मेयर खोलीतच होता. टॅमोने लिहिलं, आन्ये. मेयरने सही केली आणि म्हणाला, "छान, सुटसुटीत नाव. तुमच्याकडची नावं बहुतेक शिंकल्यासारखी वाटतात."

गावाला कारण लगेच पटलं. वुबिनाने आईला घराबाहेर काढलं, नावसुद्धा ठेवलं नाही, कांद्याच्या पोटिसावरून. अर्धं गाव वुबिनाच्या बाजूने, अर्धं म्हातारीच्या. चर्चमध्ये म्हातारी दुसऱ्या बाकावर बसायला लागली. महिनाअखेर यादी हेगला गेली. पत्र आलं नाही. डिसेंबरात नाही, मार्चमध्ये नाही. वेस्टरडॅमच्या शाळेत गेस्के बोलहाउस दुसरीत गेली, आणि सिस्टरने सांगितलं की ती आता हाक मारल्याबरोबर मान वळवते.

एक गोष्ट मात्र बदलली. वुबिना रेशनच्या कागदांसाठी कचेरीत आली तेव्हा म्हणाली, "नानिंगा, तुम्ही जरा हे बघता का?" शाळेपासून ती त्याला टॅमो आणि तू म्हणत आली होती. त्या दिवसापासून ती पुन्हा कधी तू म्हणाली नाही.

पंचेचाळीसच्या फेब्रुवारीत म्हातारी गेस्के वारली. हार्मने नोंद केली. टॅमोने पट्टी ठेवून तिच्या कार्डावर रेघ ओढली आणि महिनाअखेर ते पाठवलं. एप्रिलमध्ये कॅनेडियन सैनिक आले, मेयर पळाला. मे महिन्यात टॅमोने वेस्टरडॅमहून ते दुसरं कार्ड मागवून घेतलं, उजव्या कोपऱ्यात डिसेंबर बेचाळीसची तारीख घातली, रेघ ओढली आणि हेगला पाठवलं. तिथून फॉर्म आला, दोन वर्षं पाच महिने उशीर का झाला त्याचा खुलासा करावा. टॅमोने खुलाशाच्या जागी 'नजरचूक' असं लिहिलं. तो त्याचा शेवटचा खोटा शब्द असावा.

सेहेचाळीसच्या वसंतात मुलीचा मामा इंग्लंडहून तिला न्यायला आला. जाण्याआधी राखणदाराची बायको तिला ओल्डरहेमला घेऊन आली. काउंटरच्या कडेवर तिची हनुवटी टेकत होती. टॅमोने तिला पहिल्यांदा पाहिलं. तिचं नाव युदिक स्पायर. त्याने ते स्वच्छ लिहिलं. राखणदाराच्या बायकोला तिला घेऊन बोलहाउसांकडेही जायचं होतं. वुबिनाने निरोप पाठवला होता, की आज कपडे धुवायचा दिवस आहे, पण पोरीला ही टोपी द्या. टोपी लोकरीची, पोरीला जेमतेम बसत होती.

मग गावाला सगळं कळलं. पाद्रीबाबांनी प्रवचनात वुबिनाचं नाव घेतलं. म्हातारीच्या बाजूचं अर्धं गाव आता म्हणू लागलं, बघा, किती छान वठवलं होतं भांडण, आपल्याला कळलंसुद्धा नाही. हार्मही तसंच म्हणू लागला. वुबिना त्यावर हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. बादली उचलून पुढे जायची.

पण त्या खोलीत टॅमो होता. तिचा आवाज त्याने ऐकला होता. ज्या बाईला एका मिनिटापूर्वी भांडणाचं कारण सुचत नव्हतं, तिला दार उघडताच दीड दिवस, पोटीस, डॉक्टरचं वाक्य, सगळं एका दमात सुचलं. सुचलं, की तिथेच होतं? तो शोधणारा माणूस होता, म्हणून त्याने शोधलं. डॉक्टर वारले होते. त्यांच्या विधवेने भेटींची वही दाखवली. 'बोलहाउस, बांधापलीकडे, बुधवार, नऊ डिसेंबर, संध्याकाळ.' म्हातारीचा बुधवार बरोबर होता. घसा कधी धरला ते वहीत नव्हतं. काल बोलवायला हवं होतं, असं डॉक्टर खरंच म्हणाले होते की नाही, तेही नव्हतं. डेर्कला विचारलं तर तो म्हणाला, "मी गोठ्यात होतो." आणि पुढे गुरांविषयी बोलू लागला.

पासष्टच्या जूनमध्ये आन्येचं लग्न झालं. टॅमो निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. कचेरीत आता नवा पोरगा होता, टाइपरायटर वापरणारा. टॅमो पाहुणा म्हणून आला होता. दुपारी मळ्यावर कॉफी झाली, लोक अंगणात गेले, आणि टेबलाशी तो आणि वुबिना दोघंच उरली. ती कप गोळा करत होती.

"वुबिना," तो म्हणाला, "एक विचारायचं होतं."

"विचारा."

ती थांबली. कप हातात, त्याच्याकडे सरळ बघत, त्या दिवशी आईकडे बघत होती तशी.

"आन्येने घर कुठे घेतलंय?" त्याने विचारलं.

"विन्सखोटनला. तुम्हाला ठाऊक आहे की. निमंत्रणावर होतं."

"हो. होतं खरं."

ती कप घेऊन आत गेली. टॅमो सायकल काढून बांधावरून घरी निघाला. त्रिंत्येने विचारलं, कसं झालं लग्न, तर तो म्हणाला, छान झालं. तो आज सदुसष्ट वर्षांचा आहे, वुबिना पासष्टची, आणि दर रविवारी ती चर्चमध्ये त्याच्या दोन बाकं पुढे बसते. विचारलं तर ती सांगेल, असं त्याला वाटतं. तू आईला जे बोललीस, ते त्या पोरीसाठी उभ्या उभ्या रचलंस, की दहा महिने पोटात ठेवून फक्त बोलायला निमित्त शोधत होतीस?